कोरी पोच

मुकुंदराव तारळेकरांच्या खोलीच्या दारावर त्रेसष्ट पाट्या होत्या, आणि त्यातला एकही धंदा त्या खोलीत चालत नव्हता. तासगावच्या बाजार आवाराच्या मागे, खताच्या दुकानाला लागून दहा बाय बाराची ती खोली. पाट्या मात्र मसाला कांडपाच्या, द्राक्षपेट्यांच्या, ठिबक दुरुस्तीच्या, लग्नाचे फेटे बांधणाऱ्याच्या; एक दंतवैद्यसुद्धा होता. आत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि मुकुंदराव. नवीन पोस्टमन पहिल्या दिवशी दारातच थबकून विचारायचा, "हे सगळं तुमचंच काय?" मुकुंदराव म्हणायचे, "माझं यातलं काही नाही. मी नुसता हजर असतो."

आणि ते खोटं नव्हतं. सरकारने दोन हजार एकोणचाळीस साली कायदा केला की धंदा केवढाही लहान असो, पापड लाटणारी बाई का असेना, तिने आपला एक नोंदणीकृत प्रतिनिधी नेमला पाहिजे. प्रतिनिधी म्हणजे जिवंत माणूस. त्याचा पत्ता खरा हवा, नुसता टपालपेटीचा क्रमांक चालायचा नाही, आणि कामाच्या दिवशी दहा ते पाच तो त्या पत्त्यावर सापडला पाहिजे. कोर्टाचं समन्स, खात्याची नोटीस, कंपनीचा इशारा, जे काही कायदेशीर यायचं ते त्याच्याच हातात. आता पापड लाटणारी बाई दहा ते पाच खुर्चीत बसली तर पापड कोण लाटणार? म्हणून लोक एखादा रिकामा, विश्वासू माणूस गाठत आणि त्याच्या दारावर आपली पाटी ठोकत.

यात विज्ञान कुठे आलं म्हणाल, तर ते पट्ट्यात आलं.

पूर्वी नोटीस मिळाल्याची सही घेतली तरी पुढे माणूस कोर्टात कानावर हात ठेवायचा. कागद मिळाला, पण काय लिहिलंय ते कळलंच नाही, म्हणायचा. निम्मे खटले या एका वाक्यावर वर्षानुवर्षं लटकत. त्यावर उपाय म्हणून हा पट्टा निघाला. त्यामागची गोष्ट जुनीच आहे. आपण शब्द वाचतो तेव्हा साधारण चार दशांश सेकंदांनी मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. 'मी चहात साखर घातली' हे वाचताना ती जेमतेम हलते. 'मी चहात चप्पल घातली' म्हटलं की उसळते, कारण मेंदू चपलेचा आणि चहाचा अर्थ जुळवायला धडपडतो. म्हणजे ही लाट अर्थाची आहे. नुसती अक्षरं न्याहाळली, परक्या लिपीतली पाटी बघितली, तर ती उठत नाही. शास्त्रज्ञांना हे पन्नास-साठ वर्षं ठाऊक होतं, पण एकेका वाचनात ती लाट इतर गोंगाटातून वेगळी काढता येत नव्हती. ते गणित जमलं, कपाळाला बांधायचा हलका पट्टा तयार झाला, आणि सरकारला आयतंच हत्यार मिळालं. प्रतिनिधीने पट्टा बांधून नोटीस वाचायची. डोळे ओळींवरून नीट फिरतात की नाही हे पट्ट्याचा कॅमेरा बघतो, लाट उठते की नाही हे पट्टा बघतो, आणि शेवटी पोच छापून येते. 'बोध झाला' आलं की मुदतीचा काटा सुरू. 'बोध नाही' आलं की कागद परत. महिन्याने पुन्हा, त्यानंतरच्या महिन्याने पुन्हा, आणि तिन्ही वेळा तेच झालं तर आणखी महिन्याने अधिकारी स्वतः मालकाच्या दारात.

म्हणजे प्रतिनिधीला कळलं नाही तर मालकाला तीन महिने फुकटचे मिळत. आणि प्रतिनिधी मठ्ठ असणं हा काही गुन्हा नव्हता. त्याला वाचता आलं पाहिजे, एवढंच कायद्याने मागितलं होतं.

मुकुंदराव मठ्ठ नव्हते. ते चोवीस वर्षं सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्या छापखान्यात मराठीइतकंच कानडीही छापायचे. सीमाभागातल्या शाळांचे तक्ते, जत्रांची पत्रकं, लग्नपत्रिका. मुकुंदरावांना कानडीचा गंध नव्हता. तरी मूळ प्रत डाव्या हाताला, छापलेलं उजव्या हाताला ठेवून ते अक्षराला अक्षर लावत जायचे, आणि एकही चूक सुटायची नाही. पुढे पुढे ते मराठीही तसंच वाचायला लागले. अर्थाच्या नादी लागलं की डोळा चुका गिळतो, हे त्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. कादंबरी छापून झाली तरी नायिका मेली की जगली हे त्यांना माहीत नसायचं. यंत्रं मुद्रितं तपासायला लागली, छापखाना बंद पडला, आणि ही विद्या मुकुंदरावांच्या अंगात तशीच पडून राहिली.

ती कामाची आहे हे पहिल्यांदा रेश्माच्या लक्षात आलं. रेश्मा त्या छापखान्याच्या मालकांची मुलगी. लहानपणी मुकुंदरावांच्या टेबलाखाली बसून कागदाच्या कपट्यांची घरं करायची. लग्न होऊन ती तासगावला आली. नवरा भरत माळी, त्याच्याबरोबर तिने बेदाण्याचं लहानसं शीतगृह टाकलं होतं. अमोनियाचं यंत्र भरत स्वतः चालवायचा आणि बेदाणा निवडायला आठ-दहा बायका यायच्या. वडील गेल्यावर तिने मुकुंदरावांना सांगलीहून बोलावून घेतलं, खोली बघून दिली आणि स्वतःची पाटी सगळ्यांत आधी ठोकली. पहिल्याच नोटिशीला पट्ट्याने 'बोध नाही' छापलं तेव्हा दोघंही चकित झाले. मुकुंदराव सवयीने काने-मात्रे तपासत गेले होते, बस्स.

मग काय, गावभर झालं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. इथे तो घडाच भाड्याने मिळत होता. लोक बोध न झालेल्या पोचेला 'कोरी पोच' म्हणायला लागले आणि मुकुंदरावांना 'कोरे काका'. पाच वर्षांत चारशे बारा नोटिसा, चारशे बारा कोऱ्या पोचा. त्यांच्याकडे पाटी लावायला आता ओळख लागायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी वाखाणत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते मुकुंदरावांना भारी आवडत होतं. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "काकांची एक पोच चुकायची न्हाई," की ते 'असू दे, असू दे' म्हणत, पण तिथून लवकर उठत नसत.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये बेदाण्याचा हंगाम जोरात होता. रेश्मा आदल्याच आठवड्यात येऊन सांगून गेली होती, "काका, मे संपेपर्यंत एक कागद आत येऊ देऊ नका बघा. वजनमापवाले, लेबलवाले, सांडपाण्यावाले, सगळे ह्याच दिवसांत उगवतात. मी माल भरू की उत्तरं लिहू?"

"तू माल भर," मुकुंदराव म्हणाले.

तीन मार्चला सकाळी अकराच्या सुमारास तिच्या नावाची नोटीस आली. दोन पानी. मुकुंदरावांनी पट्टा बांधला, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. काना, वेलांटी, रफार, पूर्णविराम. डोळे ओळीवरून इमानदारीत चालत होते. पोच आली, 'बोध नाही'. चारशे तेरा. त्यांनी पट्टा काढला, कागद परतीच्या पाकिटात घातला आणि शेजारून आलेला चहा बशीत ओतला.

आणि दुसऱ्या घोटाला ते त्यांना कळलं.

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मघा नुसत्याच रेघोट्या म्हणून पाहिलेली अक्षरं आपली आपण गोळा झाली आणि डोक्यात सरळ वाक्य उभं राहिलं. शीतयंत्राच्या या तुकडीतल्या सुरक्षा झडपा अडकतात. दाब वाढला तरी उघडत नाहीत. यंत्र ताबडतोब थांबवा आणि झडप बदलून घ्या. पट्टा टेबलावर होता, त्यामुळे लाट उठली ती एकट्या मुकुंदरावांनाच ठाऊक.

पूर्वी अशा वेळी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस सरळ फोन करायचा. आता कंपनीचे वकील तो करू देत नसत. एकदा तोंडी सांगितलं की दहा अर्थ निघतात, म्हणून जे सांगायचं ते प्रतिनिधीला, पट्ट्यावर. म्हणजे या गावात ती गोष्ट माहीत असलेला माणूस एकच होता आणि तो बशी हातात धरून बसला होता.

शीतगृह तिथून सायकलवर दहा मिनिटांवर. फोन तर खिशातच. मुकुंदरावांनी तो बाहेर काढलाही. पण नंबर लावायच्या आधी त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कित्येक दिवस कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या मनात आलं, सांगितलं तर काकांना कळलं असं होईल. रेश्मा कौतुकाने कुणाला तरी बोलेल, काकांनी वाचून वेळेवर सांगितलं म्हणून. आणि मग टपरीवर म्हणतील, म्हणजे म्हाताऱ्याला कळतं म्हणायचं. झाकली मूठ उघडी पडेल. शिवाय हंगाम भर रंगात, यंत्र थांबवायला सांगितलं तर तीच वैतागेल. झडप काय, अडकते तेव्हा अडकते. महिन्याने नोटीस पुन्हा येणारच आहे, तेव्हा बघू. असं म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पाकीट चिकटवलं.

नंतरचे दोन-तीन दिवस ते अस्वस्थ होते. एकदा शीतगृहावरून मुद्दाम सायकल नेली. भरत बाहेर पाइपावरचं बर्फ झटकत उभा होता. "या की काका, बेदाणा खाऊन जावा," त्याने हाक मारली. मुकुंदरावांनी मूठभर बेदाणा खाल्ला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आले. आठवड्याने तर ते विसरूनही गेले.

बावीस मार्चला दुपारी झडप अडकली. दाब वाढत गेला, एक जोड फुटला आणि अमोनिया बाहेर आला. बायका आत बेदाणा निवडत होत्या. भरतने त्यांना एकेक करून बाहेर काढलं आणि मग तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून मुख्य कॉक बंद करायला पुन्हा आत गेला. कॉक बंद केला. अमोनियाला ओलाव्याची ओढ असते, आणि माणसाच्या अंगावर डोळ्यांइतकं ओलं उघडं काय असतं? दोन बायकांच्या छातीत वायू गेला, त्या पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या. भरतचे दोन्ही डोळे गेले.

मिरजेच्या इस्पितळात मुकुंदराव रोज जायचे. रेश्माला वाटायचं, काकांची माया. ती डबा आणायला गेली की ते भरतपाशी बसायचे. भरतच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि तो आढ्याकडे तोंड करून बोलायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो म्हणाला, "मी दर आठवड्याला यंत्र तपासतो, काका. तेल, बेल्ट, गेज. पण झडपच मुळात खोटी निघंल, हे कुणाच्या ध्यानात येतंय?"

"नाहीच येत," मुकुंदराव म्हणाले.

"नुसतं कुणी सांगितलं असतं तर तासाभरात बदलली असती. झडपंला काय लागतंय? नट सोडवायला दोन पाने आणि एक तास."

मुकुंदरावांनी मोसंबं सोलायला घेतलं. अर्धं सोलून त्यांनी ते तसंच पिशवीत परत ठेवलं. लाज म्हणजे मान खाली जाणं, एवढंच त्यांना आजवर वाटायचं. आता आंधळ्या माणसासमोरसुद्धा तोंड लपवावंसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात वकील देशिंगकर मुकुंदरावांच्या खोलीवर आले. रेश्माने केलेले वकील. माणूस सरळ, पण घाईत.

"कंपनी म्हणतेय, आम्ही इशारा दिला होता," ते म्हणाले. "तीन मार्चला. तुमच्या हातात. पोच कोरी आहे म्हणून बरं. नाहीतर बाईंचं अवघड होतं."

"अवघड म्हणजे?"

"कायद्यात एक वाक्य आहे. प्रतिनिधीला जे कळलं ते मालकाला कळलं असं धरलं जाईल. तुम्हाला कळलं असतं, तर रेश्माताईंना झडपेचं माहीत होतं आणि तरी त्यांनी बायकांना आत कामाला बसवलं, असा अर्थ झाला असता. तीन वर्षांची शिक्षा आहे त्याला."

"पण तिला मी सांगितलंच नसेल तर?"

"तो तुमचा-तिचा घरगुती प्रश्न. कायदा ते विचारत नाही. तुमचा परवाना गेला असता, आत गेली असती ती." वकिलांनी चहा नको म्हणून हात केला. "आता एक आहे. कंपनीने ओळखचाचणी मागितली आहे. ती तुम्हाला द्यावी लागेल."

ओळखचाचणी ही त्याच पट्ट्याची धाकटी बहीण. आधी समजून घेतलेलं वाक्य पुन्हा समोर आलं की मेंदूत आणखी एक लाट उठते, अर्ध्या सेकंदानंतरची. ही लाट सांगते, हे मला माहीत आहे. नोटिशीतली वाक्यं आणि तशीच दिसणारी बनावट वाक्यं मिसळून दाखवायची. नोटिशीतल्या वाक्यांना ही लाट उठली तर वाचताना नसेल, पण नंतर कधीतरी माणसाला बोध झाला होता हे सिद्ध होतं. कायद्याला तेवढं पुरे होतं.

"तुम्हाला काय भीती?" देशिंगकर उठता उठता म्हणाले. "तुम्हाला कळलंच नव्हतं."

मुकुंदरावांनी त्या आठवड्यात चार वेळा खरं सांगायचं ठरवलं आणि चारही वेळा त्यांच्या लक्षात आलं की ते सांगून मन त्यांचं मोकळं होणार आणि कोठडीत रेश्मा जाणार. आपलं पाप धुवायला त्या पोरीचं आयुष्य वापरायचं, हे त्यांना परवडणारं नव्हतं. आणि गप्प बसणं म्हणजे पाप तर राहिलंच, वर तिची कृतज्ञताही घ्यायची. रेश्मा रोज म्हणायची, "काका, तुमच्या कोऱ्या पोचेनं वाचवलं मला. बाबा असते तर पेढे वाटले असते." ते ऐकताना मुकुंदरावांना वाटे, हिने एकदा तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी भरतला सांगितलं. भरत घरी आला होता. रेश्मा शीतगृहावर पंचनाम्याच्या लोकांबरोबर होती. भरत ओसरीवर खुर्चीत बसून काठीची मूठ हाताने चाचपत होता. डोळ्यांवर काळा चष्मा.

"भरत, मला ती नोटीस कळली होती," मुकुंदराव म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. चहा, बशी, खिशातला फोन, टपरीवरचं कौतुक, चारशे तेराचा आकडा. काही गाळलं नाही.

भरतने मूठ चाचपायचं थांबवलं.

"त्या दिवशी तुम्ही बेदाणा खायला आला हुता," तो मग म्हणाला. "तवा ठावं हुतं?"

"हो."

"मी झडपंखालीच हुबा हुतो की."

"हो."

"आन् तुम्ही पावसाचं बोलला. अवकाळी हुईल का म्हणून."

मुकुंदराव रडायला लागले. साठी उलटलेल्या माणसाने रडू नये अशा आवाजात रडले. भरतने त्यांना गप्प केलं नाही आणि शिवीही दिली नाही. रडणं संपल्यावर त्याने विचारलं, "रेश्माला सांगितलंसा?"

"नाही. हिंमत होत नाही. आणि सांगितलं तर सुनावणीत तिला विचारतील, मग तिला खोटं बोलावं लागेल."

"सांगू नका. ती खोटं बोलायची न्हाई, आणि आत जाईल." भरतने मान त्यांच्याकडे वळवली, नेमकी नाही, जराशी बाजूला. "तुम्ही त्या दिवशी जे केलं तेच आता करा. तेवढंच येतंय तुमाला. नीट करा."

"मला जमेल असं वाटत नाही. आता ती वाक्यं मला झोपेतही ऐकू येतात."

"जमवा," भरत म्हणाला. "माझं डोळं गेलं. तिला मी जाऊ द्यायचा न्हाई."

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळी साडेदहाला. अधिकारी म्हणून चाळिशीच्या एक बाई होत्या. आवाज शांत, वागणं नेमकं. कंपनीचे वकील, देशिंगकर, रेश्मा, आणि तिच्या शेजारी भरत. मुकुंदरावांना पडद्यासमोर बसवून पट्टा बांधला. बाईंनी चाळीस वाक्यं येतील म्हणून सांगितलं. "सावकाश वाचा. घाबरू नका, काका."

मुकुंदरावांनी मनाशी एक गोष्ट कबूल केली होती. त्यांना आतून वाटत होतं की हे फसावं. इतक्या दिवसांची लाज, उडालेली झोप, एवढं सगळं झाल्यावर ती वाक्यं आपल्याला ओळख दाखवल्याशिवाय कशी राहतील? माणूस इतका निबर असू शकतो का? रेश्माचं काय होईल ही धास्ती होती, आणि तरीही कुठल्यातरी कोपऱ्यात त्यांना वाटत होतं, झडप हा शब्द दिसताच आपला मेंदू ओरडून उठेल, म्हणजे निदान आपण माणूस आहोत हे तरी कळेल.

पहिलं वाक्य आलं. काना. वेलांटी. रफार. दुसरं आलं. झ ची गाठ नीट बसली आहे. ड चं पोट बरोबर. प चा काना सरळ. पुढे. दहावं, विसावं, तिसावं. डोळे ओळीवरून चालत होते, डाव्या हाताला मूळ प्रत, उजव्या हाताला छापलेलं. चाळीस झाली तेव्हा त्यांना एकही वाक्य सांगता आलं नसतं.

जमलं. सहज जमलं. सगळ्यांत लाजिरवाणं जर काही असेल, तर ते हे होतं.

यंत्राने कागद बाहेर दिला. अधिकारी बाईंनी तो दोनदा वाचला. "ओळख नाही," त्या म्हणाल्या. "पोच कोरी धरण्यात येत आहे. मालकाला माहिती नव्हती असा निष्कर्ष." कंपनीच्या वकिलांनी खांदे उडवले आणि फाइल मिटली.

बाहेर व्हरांड्यात येताच रेश्मा मुकुंदरावांच्या पाया पडायला वाकली. ते मागे सरकले, पण मागे भिंत होती. तिच्या कपाळाचा स्पर्श त्यांच्या पायाला झाला आणि त्यांना वाटलं, इथेच आपल्याला काहीतरी व्हावं.

"तुमचे उपकार कसे फेडू, काका," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ती हसत होती, महिन्यात पहिल्यांदा. तिने पिशवीतून एक कागद काढला. "पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र. मी घरूनच भरून आणलंय. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी प्रतिनिधी नेमणार नाही. करा सही."

तिने कागद त्यांच्या हातात दिला. मुकुंदरावांनी तो धरला.

"त्यांचं नाव काढ," भरत म्हणाला.

तो खांबाला टेकून उभा होता. रेश्मा वळली. "काय?"

"त्यांचं नाव काढ, माझं घाल. हितनं पुढं आपल्या नोटिसा मी घेतो."

"अहो, तुम्ही कशा घेणार?" ती गोंधळून हसली. "वाचायच्या असतात त्या."

"ऐकून घेतो. दिसत न्हाई त्याला वाचून दाखवायची सोय हाय कायद्यात, देशिंगकरांना इचारलंय मी." भरतचा आवाज चढला नव्हता. "ऐकलेलं मला कळतंय. कळलं की मी सांगतोय बी."

"असं काय बोलताय? काकांना काय वाटेल?" रेश्मा मुकुंदरावांकडे बघत म्हणाली, "काका, समजवा की यांना."

मुकुंदरावांनी कागद तिच्याकडे परत केला. काहीतरी बोलून ही वेळ मारून नेता आली असती. वय झालं, आता झेपत नाही, असं काहीही. तेवढं तोंड त्यांना होतं. पण समोर ती होती आणि तिच्या कपाळाला त्यांच्या पायाची धूळ लागली होती.

"तो म्हणतो तसं कर," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास टाकू नकोस, रेश्मा."

रेश्माचं हसू लगेच गेलं नाही. तिने आधी भरतकडे पाहिलं. भरतने तोंड दुसरीकडे वळवलं होतं. मग तिने मुकुंदरावांकडे पाहिलं, आणि ती बघतच राहिली. तिच्या ओठांवरचं हसू हळूहळू उतरलं, कपाळाला आठी पडली, मग तीही गेली, आणि चेहरा अगदी रिकामा झाला. तिला कळत होतं. कळायला वेळ लागला, पण सगळं कळलं, आणि मुकुंदराव समोर उभे राहून ते बघत होते. मान खाली घालावीशी वाटत होती, तरी त्यांनी ती घातली नाही. एवढं तरी आपण सोसलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

तिने काही विचारलं नाही. आतमध्ये अधिकारी बाई अजून बसलेल्या होत्या, दार उघडं होतं. तिने कागदाची नीट घडी केली, पिशवीत ठेवली आणि भरतचा हात धरला. "पायरी आहे," ती त्याला म्हणाली. "तीन आहेत."

दोघं उतरून फाटकाकडे गेली. टेबलाखाली कपट्यांची घरं करायची तेव्हापासून 'येते काका' म्हटल्याशिवाय ती कधी गेली नव्हती. मुकुंदराव व्हरांड्यात उभे राहिले, ती वळेल म्हणून. रिक्षा आली, तिने भरतला आधी बसवलं, मग आपण बसली, आणि रिक्षा गेली.